फोल्डर की टॅग: 60 हजार फाईली, चार कॉम्प्युटर आणि एक खतावणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिसात चार कॉम्प्युटर, सगळ्यांवर मिळून साधारण 60 हजार फाईली. डिझाईन, नमुन्यांचे फोटो, बिलं, जीएसटीची कागदं, पॅकिंग लिस्ट, सगळा काला झालाय. वडील म्हणतात, फोल्डर नीट लाव. बहीण मॅक वापरते, ती म्हणते फोल्डर जुने झाले, टॅग लाव, म्हणजे फाईलीला ओळखीच्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटव. दोघांत बरोबर कोण?

उत्तर आधी देऊन टाकतो. फाईली फोल्डरातच ठेवा. बहिणीला टॅगकडून जे हवंय ती गरज अगदी खरी आहे, पण तुमच्या ऑफिसात ती फाईलींना टॅग चिकटवून भागणार नाही. ती एका एक्सेलच्या नोंदवहीनं भागेल. आता का, ते सविस्तर सांगतो.

मी 1997 साली नवी पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर म्हणून लागलो आणि गेली वीसेक वर्षं सोलापुरातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. टॉवेलवाले, चादरवाले, युनिफॉर्म शिवणारे, दोन कर सल्लागार, एक मंगल कार्यालय. फोल्डरवर श्रद्धा होती तेव्हा मी सात-सात पातळ्यांचे फोल्डर बांधून दिलेत. टॅगचं वेड लागलं तेव्हा एका ऑफिसात सगळ्यांना टॅग लावायला बसवलंय. दोन्हीकडे तोंडावर पडलोय.

एक प्रसंग सांगतो. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते, जानेवारीचा मधला आठवडा. निम्मे कामगार यात्रेत, ऑफिसात तिघं. एका टॉवेलवाल्याकडे मी प्रिंटर दुरुस्त करत बसलो होतो. हैदराबादच्या पार्टीचा फोन आला: दोन वर्षांपूर्वी हॉटेलसाठी दिला होता तोच टॉवेल, पांढऱ्यावर निळी किनार, 30 बाय 60, पाचशे नग पाठवा. साधी गोष्ट. डिझायनरनं ‘डिझाईन’मध्ये ‘डॉबी बॉर्डर’ उघडलं. अकाउंटवाल्या मॅडमनी ‘पार्टी’मध्ये ‘हैदराबाद’ उघडलं. डिस्पॅचवाल्या पोरानं ‘साईज’मध्ये ‘30 बाय 60’ उघडलं. मालक केबिनमधून बाहेर आले, “काय शोधायलाव सगळे मिळून?”

तिघांनाही फाईल सापडली! आणि तिन्ही वेगळ्या निघाल्या. एकीत किनार दोन इंचांची, दुसरीत दीड इंचाची, तिसरीत निळा रंगच वेगळा. तिन्हींच्या नावात ‘फायनल’ होतं. एकीत ‘फायनल फायनल मालक ओके’. मग मागावर नेमकी कुठली चढली? शेवटी गोडाऊनमधून नमुन्याचा तुकडा आणला. त्याला स्टेपलरनं एक चिठ्ठी टोचलेली होती: तारीख, माग नंबर, डिझाईन नंबर, पार्टीचं नाव. बॉलपेननं, कुणा जॉबरच्या, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीच्या, वाकड्या अक्षरात. त्या चिठ्ठीनं पाच मिनिटांत निकाल लावला. ती चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या तिघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. त्या एका फाईलीला तीन खरे पत्ते आहेत. ती डॉबी बॉर्डरही आहे, हैदराबादची पण आहे आणि 30 बाय 60 पण आहे. फोल्डर मात्र एकच पत्ता घेतो. म्हणून माणसं कॉपी करतात, तिन्हीकडे एकेक ठेवतात, आणि कॉपी केली की त्या क्षणापासून त्या तिघी सवती होतात. एकीत सुधारणा झाली की बाकीच्या दोघींना कळत नाही. बहिणीचं म्हणणं इथं शंभर टक्के बरोबर आहे. फाईल एकदाच ठेवा, तिला तीन टॅग लावा, कुठूनही शोधा.

ही अडचण कॉम्प्युटरनं आणलेली नाही बरं का. पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवलेले असत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. कागद एक, तर रुमालही एकच. आपल्या बाजारात दुसरी सोय होती. दिवाणजी दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचे, जसा घडला तसा, तारखेवार, एकदाच. संध्याकाळी तोच व्यवहार खतावणीत चढायचा: सुताच्या खात्यावर, व्यापाऱ्याच्या खात्यावर, हमालीच्या खात्यावर. व्यवहार एक, दिसतो तीन पानांवर. टॅग म्हणजे ही खतावणी. फोल्डर म्हणजे रोजकीर्द किंवा रुमाल, वस्तूची एकच जागा.

ग्रंथालयातही हेच. मेल्व्हिल ड्यूईनं 1876 मध्ये पुस्तकांना दशांश आकडे दिले, एका झाडाच्या फांद्यांसारखे. पुस्तक कुठल्या तरी एकाच फांदीवर. आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण काढलं, त्यात एकाच विषयाचे पैलू वेगळे काढून जोडायची सोय होती. टॉवेलच्या भाषेत सांगायचं तर साईज, विणकाम, रंग, पार्टी, साल हे पाच पैलू. पण रंगनाथनांच्या पद्धतीतही पुस्तक फळीवर एकाच जागी असतं. अनेक ठिकाणी असतात ती तालिकेतली कार्डं: लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. फळी वेगळी, तालिका वेगळी. फोल्डर की टॅग हा वाद करताना आपण फळी की तालिका असं विचारत असतो, आणि ग्रंथपालाला विचारलं तर तो आपल्याकडे विचित्र नजरेनं बघेल.

कॉम्प्युटरवर फळी आधी आली. एकात एक बसणाऱ्या फोल्डरांची कल्पना 1965 मध्ये मल्टिक्स नावाच्या प्रणालीसाठी मांडली गेली. आपल्या टेबलावरच्या पीसीत मात्र ती उशिरा पोचली. 1981 च्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे पीसी चालवणाऱ्या तेव्हाच्या प्रणालीत, फोल्डर नव्हतेच. 160 केबीची फ्लॉपी, तिच्यात कितीशा फाईली मावणार? 1983 मध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी आला आणि त्याच्याबरोबर आलेल्या डॉस 2 मध्ये फोल्डर आले. सामान वाढलं म्हणून कपाटं आली, एवढंच. पुढं 2004 मध्ये जीमेलनं फोल्डरऐवजी लेबल दिली, एका मेलला कितीही. 2013 मध्ये मॅकवर फाईंडरमध्ये, म्हणजे फाईली बघायच्या खिडकीत, टॅग आले, तेच तुमची बहीण वापरते. मायक्रोसॉफ्टनं विनएफएस नावाची फाईल व्यवस्था 2003 मध्ये जाहीर केली होती, फाईली डेटाबेससारख्या शोधता येतील अशी. 2006 मध्ये ती गुंडाळली. आणि गुगल ड्राईव्हवर पूर्वी एक फाईल दोन फोल्डरांत ठेवता यायची, ती सोय 2020 मध्ये बंद करून शॉर्टकट दिले. म्हणजे मोठ्या कंपन्याही या झुल्यावर पुढं-मागं होतच आल्यात.

आता टॅग तुमच्या ऑफिसात का टिकणार नाहीत ते.

पहिलं कारण सक्तीचं. फाईल सेव्ह करताना कॉम्प्युटर विचारतो, कुठं ठेवू? चुकीचं का होईना, उत्तर द्यावंच लागतं. फोल्डर नसलेली फाईल असूच शकत नाही, अगदी डेस्कटॉप हाही फोल्डरच. टॅगचं तसं नाही. टॅग न लावता फाईल खुशाल सेव्ह होते, कुणी अडवत नाही. संध्याकाळी साडेसहाला गाडी लोड होत असताना तुमचा डिस्पॅचवाला पोरगा पॅकिंग लिस्टला चार टॅग लावेल असं वाटतं का तुम्हाला? खतावणीसाठी दिवाणजी पगारी होता. तुमच्याकडे टॅगसाठी दिवाणजी कोण, हा मी प्रत्येक मालकाला पहिला प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, “सगळे मिळून करतील.” मग मी चहा संपवतो आणि फोल्डर बांधायला घेतो.

अर्धवट टॅग हे टॅग नसण्यापेक्षा वाईट. ‘निळी किनार’ शोधलं आणि चार फाईली आल्या, तर तुम्ही म्हणाल चारच आहेत. प्रत्यक्षात नऊ असतात, पाचांना टॅग लावायचा राहिलेला असतो. फोल्डरात निदान गोंधळ डोळ्यांना दिसतो.

दुसरं कारण शब्दांचं, आणि मराठीत ते फारच बोचतं. ज्या ऑफिसात मी टॅगचा प्रयोग केला तिथं तीन महिन्यांनी यादी काढली. एकाच गोष्टीचे टॅग: नॅपकिन, नॅपकीन, नेपकीन, हातरुमाल, ‘छोटा’. चौघांचे पाच शब्द. हे समजून घेता येतं. पण त्या यादीत ‘टॉवेल’ दोनदा होता आणि दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे! मला वाटलं कॉम्प्युटरच बिघडला. नीट बघितल्यावर कळलं की एकानं ‘टॉ’ नीट एका चिन्हानं टाईप केलं होतं, दुसऱ्यानं मोबाईलच्या कीबोर्डवर आधी काना देऊन त्याच्यावर चंद्र ठेवला होता. दिसायला एकच, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. एक शोधलं तर दुसरा सापडत नाही. तीच गत ‘पांढऱ्या’ची. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्हीकडे पांढरी चादर पांढरीच दिसते. आकड्यांचंही तसंच: एकानं 12 लिहिलं, दुसऱ्यानं १२, झाली ताटातूट. एकटा माणूस स्वतःच्या टॅगांत शिस्त राखू शकतो. चौघांनी राखायची तर शब्दांची ठरलेली यादी भिंतीवर लावावी लागते आणि तिच्यासाठी कुणाला तरी वाईट व्हावं लागतं.

(जुन्या फाईलींची रड आणखी वेगळी. 2010 च्या आधीच्या पत्रिका आणि लेबलं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर आतला मजकूर शोधायची आशाच सोडा. पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं, त्या फॉन्टनं मराठीचा मुखवटा चढवलेली. अशा फाईलीचं नाव हाच काय तो तिचा पत्ता.)

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात भारी आहे. टॅग फाईलीबरोबर प्रवास करत नाही. फाईलीचं नाव करतं.

मॅकवरचा टॅग फाईलीच्या आत नसतो, तो मॅकच्या फाईल व्यवस्थेत फाईलीच्या शेजारी टिपलेला असतो. बहिणीनं तिच्या लॅपटॉपवर छान रंगीत टॅग लावले आणि फाईल मेलनं तुमच्या विंडोजवर आली, की तुम्हाला फक्त फाईल मिळते. विंडोजमध्ये टॅगची सोय आहे: फाईलीवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं टॅग्जची ओळ. जेपीजी फोटो, वर्ड आणि एक्सेलला ती चालते, कारण त्या प्रकारांत टॅग फाईलीच्या पोटातच लिहिला जातो. पण पीडीएफला आणि साध्या टेक्स्ट फाईलीला तिथं टॅग लावता येत नाही. तुमचं निम्मं ऑफिस पीडीएफवर चालतं.

बरं, जेपीजीच्या पोटात टॅग लिहिलात, तरी आपला धंदा चालतो कशावर? व्हॉट्सॲपवर. डिझाईनचा फोटो पार्टीला फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आतली माहिती पुसतं, आणि समोर उतरतो तेव्हा नावही बदललेलं असतं, ते आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि चार आकडे. पार्टी तोच फोटो परत पाठवून विचारते, “हा कुठला?” आता काय सांगणार? म्हणून माझ्या सगळ्या गिऱ्हाईकांना एक सवय लावलीय: डिझाईन पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग फाईल जशीच्या तशी आणि नावासकट जाते. पार्टीनं दोन वर्षांनी परत पाठवली तरी नाव सांगतं ती कोण आहे.

एवढं बोलल्यावर फोल्डरचीही झाडाझडती घ्यायला हवी, नाहीतर वडील खूश होतील.

फोल्डर बिघडतो तो खोलीनं. साल, त्यात पार्टी, त्यात ऑर्डर, त्यात साईज, त्यात रंग, त्यात प्रूफ. सहाव्या पातळीवर पोचेपर्यंत आपण काय शोधत होतो ते विसरायला होतं. शिवाय विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची, म्हणजे ड्राईव्हपासून फाईलीच्या नावापर्यंत, 260 अक्षरांची जुनी मर्यादा अजून बऱ्याच ठिकाणी आडवी येते. मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षी’ हे आपल्याला एक अक्षर, कॉम्प्युटरला चार. बॅकअपसाठी लिनक्सवर चालणारी पेटी ठेवली असेल तर तिथं बहुधा एका नावाला 255 बाईट मिळतात आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाईट खातं, म्हणजे 85 चिन्हांत खेळ खलास. एका ऑफिसात बॅकअप महिनाभर अर्धवट होत होता तो याच कारणानं. ‘श्री सिद्धेश्वर यात्रा विशेष सवलत योजना जाहिरात’ अशी सुरुवात होऊन त्याच्याही दुप्पट लांबलेल्या नावांच्या फाईली मागं राहात होत्या. मी तेव्हा दोन दिवस केबल बदलत बसलो होतो.

दुसरा रोग म्हणजे ‘इतर’ नावाचा फोल्डर. ‘इतर’, ‘मिक्स’, ‘नवीन’, ‘न्यू फोल्डर (2)’. घरातल्या माळ्यासारखे भरत जातात. आणि तिसरा म्हणजे माणसांच्या नावांचे फोल्डर. ‘राजू’ नोकरी सोडून जाऊन चार वर्षं झाली, पण कारखान्याच्या निम्म्या डिझाईनी अजून ‘राजू’मध्येच राहतात.

तरी माणसाला फोल्डर सोडवत नाही, आणि ते नुसत्या सवयीनं नसावं. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठातले ओफेर बर्गमन हे वर्षानुवर्षं याच विषयावर काम करतात. 2013 च्या त्यांच्या अभ्यासात दोन्ही सोयी हाताशी असताना लोकांचा कल ठळकपणे फोल्डरकडेच दिसला. 2015 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की फोल्डरांतून फाईलीकडे जाताना मेंदूचे तेच भाग कामाला लागतात जे खऱ्या जागेत वाट काढताना लागतात. मला हे पटतं. सात रस्त्यावरून रेल्वे स्टेशनला कसं जायचं हे मला शब्दांत सांगता येणार नाही, पण गाडी जाते. मालकाचा माऊसही तसाच जातो, डी ड्राईव्ह, तिसरा फोल्डर, खालून दुसरा. त्यांना नाव वाचावंही लागत नाही.

तर मग तुमच्या कारखान्यासाठी मी काय करीन?

एकाच कॉम्प्युटरवर किंवा बॅकअपच्या पेटीवर वरच्या पातळीला फक्त पाच फोल्डर: हिशेब, ऑर्डर, डिझाईन, फोटो, कार्यालय. हे कामांवरून पाडायचे, माणसांवरून नाही. कुठल्या फोल्डरची जबाबदारी कुणाची ते मात्र ठरवून द्यायचं. आत जास्तीत जास्त आणखी दोन पातळ्या.

हिशेबात आधी आर्थिक वर्ष, मग महिना. पार्टीवार नको. कारण जीएसटीच्या कायद्यानं हिशेबाची कागदं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असतात. वर्षाचा फोल्डर असेल तर मुदत संपलेलं वर्ष अख्खं उचलून वेगळ्या डिस्कवर टाकता येतं. पार्टीवार असेल तर प्रत्येक पार्टीच्या पोटात शिरून जुनं वेचत बसा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा असलेल्या आकड्यांच्या फोल्डरांना मात्र हात लावू नका, ते टॅलीचं घर आहे.

ऑर्डरमध्ये उलट, आधी पार्टी, मग साल. फोन पार्टीचा येतो, सालाचा येत नाही.

डिझाईनमध्ये पार्टीही नको, साईजही नको, रंगही नको. फक्त नंबर. 0001 ते 0100 एक फोल्डर, 0101 ते 0200 दुसरा. ऐकायला कोरडं वाटतं, ठाऊक आहे. पण ती गोडाऊनमधली चिठ्ठी आठवा. तिच्यावर डिझाईन नंबर होता, आणि नंबराचं शुद्धलेखन चुकत नाही. नॅपकिनचे पाच उच्चार होतात, 0214 चा एकच. मागावर, नमुन्याच्या तुकड्यावर, फाईलीच्या नावात, पार्टीच्या व्हॉट्सॲपमध्ये, सगळीकडे तोच चार अंकी नंबर, इंग्रजी आकड्यांत.

फाईलीचं नाव असं: आधी नंबर, मग आवृत्ती, मग दोन-तीन ओळखीचे शब्द. ‘0214_03_30बाय60_निळीकिनार’. ‘फायनल’ या शब्दाला बंदी. आवृत्तीचे आकडे 01, 02, 03 असे चढतील आणि मागावर चढलेल्या आवृत्तीच्या नावाला शेवटी ‘माग’ जोडायचं, बस्स. तारीख लिहायचीच तर साल आधी: 2025-01-14. मग फाईली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. बिल नंबरात तिरकी रेघ असते, जीएसटीला ती चालते, पण विंडोज फाईलीच्या नावात घेत नाही. तिथं सगळ्यांनी आडवी रेघ द्यायची असं एकदाच ठरवा. नाहीतर एक जण आडवी देईल, एक जण टिंब देईल आणि एक जण जागा सोडेल.

आणि आता बहिणीची खतावणी. एक्सेलची एक फाईल, नाव ‘डिझाईन नोंदवही’. प्रत्येक डिझाईनला एक ओळ. रकाने: नंबर, तारीख, प्रकार, साईज, विणकाम, किनार, रंग, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), पार्टी, मागावर चढली का, नमुना कुठल्या रॅकमध्ये. प्रकार, साईज आणि विणकाम या रकान्यांत टाईप करू द्यायचं नाही, एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशन या सोयीनं यादी लावून द्यायची, यादीतूनच निवडायचं. टॉवेलच्या दोन जुळ्या बहिणी जन्मालाच येणार नाहीत. वर फिल्टर लावला की ‘पांढरा, निळी किनार, हैदराबाद’ तीन टिचक्यांत समोर. टॅग जे देतो ते सगळं मिळालं. मॅकवर, विंडोजवर, मोबाईलवर सारखंच दिसतं, मेलनं जातं, छापून भिंतीवर लावता येतं. आणि ओळ न भरता राहिली तर नंबरांच्या क्रमात भोक दिसतं: 0213 नंतर 0215 कसा? सक्ती नसली तरी चोरी उघडी पडते.

नवा नंबर या वहीतूनच घ्यायचा, वहीत ओळ भरल्याशिवाय नंबर नाही, हा एकच नियम कडक ठेवा. दिवाणजी एकच नेमा. तुमच्याकडे डिझायनर एकटाच असेल तर तोच. दिवसाला तीन-चार ओळी, दहा मिनिटांचं काम.

खऱ्या टॅगांना मी एका ठिकाणी मोकळीक देतो, ते म्हणजे फोटो. प्रदर्शनाचे, नमुन्यांचे, कारखान्याचे हजारो फोटो असतात, त्यांना नावं देत बसणं कुणालाच जमत नाही, आणि ते सांभाळणारा सहसा एकच असतो. डिजिकॅमसारखा फुकटचा कार्यक्रम घ्या, त्यात ‘टॅग फाईलीच्या आत लिहा’ हा पर्याय आधी चालू करा, आणि हे खातं बहिणीकडे द्या. तिथं तिचं म्हणणं शंभर नंबरी चालेल. विंडोजवर नावावरून शोधायला ‘एव्हरीथिंग’ नावाचा छोटा कार्यक्रम टाकून घ्या. तो डिस्कवरच्या फाईलींची यादी थेट वाचतो, त्यामुळे 60 हजारांत ‘0214’ टाईप करता करता उत्तर येतं. नावं नीट असली की हा एकटाच निम्मं काम उरकतो.

उरला जुना ढीग. तो लावायला बसू नका! मी एकदा बसलोय, दिवाळीच्या सुट्टीत, अकरा दिवस, आणि बाराव्या दिवशी अकाउंटच्या एक्सेल फाईलींमधल्या आपापसातल्या जोडण्या सगळ्या तुटलेल्या निघाल्या, कारण मी त्यांची घरं बदलली होती. तिथल्या अकाउंटवाल्या मॅडम अजून माझ्याशी मोजूनच बोलतात. तुम्ही आधी सगळ्याचा एक बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. हिशेबाच्या चालू वर्षाच्या फाईली तुमचे हिशेब बघणाऱ्यांना विचारल्याशिवाय हलवू नका. बाकीचं आहे तसं एका ‘जुनं’ नावाच्या फोल्डरात सरकवा आणि नव्या पाच फोल्डरांत काम सुरू करा. पार्टीनं जुनी डिझाईन मागितली की तेवढीच बाहेर काढायची, नमुन्याच्या तुकड्याशी ताडून बघायची, नंबर द्यायचा, वहीत ओळ भरायची, नव्या घरी ठेवायची. माझ्या अनुभवात वर्षभरात धंद्याला लागणाऱ्या बहुतेक डिझाईनी अशा आपसूक बाहेर येतात, आणि ‘जुनं’मध्ये उरतं ते कुणी विचारतही नाही.

त्या हैदराबादच्या टॉवेलची फाईल आता 0001 आहे. वही त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवरून सुरू केली. दीड इंचाची किनार खरी निघाली. ‘फायनल फायनल मालक ओके’ मागावर कधी चढलीच नव्हती.